दौलतराव सरांचा ऐकण्याचा तास

दौलतराव सरांनी मौन या विषयावर सलग पंचावन्न मिनिटं भाषण केलं, तो शनिवार मला अजून आठवतो. तास पंचेचाळीस मिनिटांचा होता. शिपायानं घंटा दिली, थोडं थांबून पुन्हा दिली आणि शेवटी दारात येऊन उभा राहिला. सर त्याला म्हणाले, "थांब जरा, मौनाचा शेवटचा मुद्दा राहिला आहे." शिपाई गप्प उभा राहिला. त्या दिवशी खोलीत मौन कुणाला खरंच जमलं असेल तर ते त्याला.

साल १९५८. वाशीमला काही हौशी मंडळींनी एक कॉलेज काढलं होतं. हायस्कुलाच्या मागच्या दोन खोल्या, तेरा बाकं, एक फळा आणि भरपूर उत्साह. पुढं चार वर्षांत ते बंद पडलं. पण तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्गात आम्ही अकरा जण होतो आणि आपण फार मोठं काहीतरी शिकतो आहोत अशी आमची ठाम समजूत होती. सर आम्हाला तर्कशास्त्र आणि मानसशास्त्र शिकवत. अनसिंगच्या पुंजाजी नावाच्या शेतकऱ्याचा हा एकुलता एक मुलगा, नागपूरला जाऊन एम.ए. झालेला. अंगानं इतके किडकिडीत की कोट अडकवायच्या खुंटीला हेवा वाटावा. आवाज मात्र असा, की शेजारच्या खोलीतला इतिहासाचा तास आमच्या मानसशास्त्रात बुडून जायचा.

त्या वर्षी उन्हाळ्यात सर मुंबईला सहा आठवड्यांचा एक वर्ग करून आले. तिथं त्यांना नवीन विद्या मिळाली होती. दुःखी माणसाला औषध न देता, उपदेश न करता, नुसतं त्याचं नीट ऐकून घ्यायचं आणि त्याचा भार हलका करायचा. आमच्या अभ्यासक्रमात हे कुठंच नव्हतं. पण सर म्हणाले, "अभ्यासक्रमात नाही म्हणून काय झालं? उद्या तुम्ही मास्तर व्हाल, तलाठी व्हाल. लोक तुमच्यासमोर येऊन रडतील. तेव्हा काय तर्कशास्त्र सांगाल त्यांना?" हे मात्र आम्हाला पटलं. असा शनिवारचा ऐकण्याचा तास सुरू झाला.

फळ्यावर चार नियम आले. एक, मध्ये बोलू नये. दोन, सल्ला देऊ नये. तीन, तोंडानं कसलाही आवाज न करता मान हलवावी. चार, समोरचा जे बोलला तेच आपल्या शब्दांत त्याला परत सांगावं. मग दोन बाकं समोरासमोर ठेवायची. एकानं दुःखी व्हायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, आणि सरांनी वहीत दहापैकी गुण द्यायचे.

पहिल्या दिवशी दुःखी व्हायला रिसोडचा फुलचंद बसला. तो म्हणाला, "माही म्हैस मेली." समोरच्यानं चौथा नियम वापरला, "म्हणजे आपली म्हैस मेली असं आपल्याला वाटतं." फुलचंद चिडला. "वाटते काय? मेलीच ना बे! म्या सोता ओढून नेली!" समोरच्यानं मान हलवली आणि म्हणाला, "म्हणजे आपण ती स्वतः ओढून नेली असं आपल्याला वाटतं." फुलचंद उठून मारायला धावला. सरांनी ऐकणाऱ्याला सात गुण दिले.

दिवाळीपर्यंत आमची सगळ्यांची खरी दुःखं संपली. अकरा जणांची दुःखं ती किती पुरणार? मग आम्ही शेजाऱ्यांची वापरायला काढली. गुणांच्या बाबतीत मी सगळ्यांच्या पुढं होतो, दहापैकी नऊ. हे मी फुशारकीनं सांगतो आहे असं वाटत असेल तर थोडं थांबा, त्या नवाचं पुढं काय झालं ते येतंच आहे. सगळ्यात मागं गोपीचंद होता. आसेगावकडच्या एका तांड्यावरचा, उंचापुरा, वर्गात नेहमी अर्धवट झोपलेला. त्याच्यासमोर कुणी दुःख सांगायला लागला की हा दर वाक्याला म्हणायचा, "हूं." "घर जळलं." "हूं." "माय आजारी हाये." "हूं." तिसरा नियम तो असा पायदळी तुडवायचा. सर वैतागले. "गोपीचंद, तू ऐकतो आहेस का बैल हाकतो आहेस?" 

गोपीचंद म्हणाला, "सर, आमच्या तांड्यावर कोनी गोठ सांगाले बसला का एकानं हूं द्याच लागते. हूं थांबला तं सांगनारा म्हनते, झोपले सारे, अन् तोबी उठून जाते."

"हे तांड्यावरचं गोष्टी सांगणं नाही, हे शास्त्र आहे," असं म्हणून सरांनी त्याला भोपळा दिला. पुढचे पाच शनिवार त्याला भोपळाच मिळाला. त्याला त्याचं काही वाटलं नाही, तो पुन्हा झोपला.

आता सरांचं घर. तपासायच्या वह्या पोचवायला गोपीचंद आणि मी जायचो, तेव्हा सरांच्या पत्नी प्रयागबाई चहा द्यायच्या. सर आतल्या खोलीतून एखाद्या विषयावर बोलत असायचे. कुणाशी, ते कळायचं नाही. प्रयागबाई म्हणायच्या, "त्यायचं चालू द्या, तुमी चहा घ्या. शनिवारी आयकाचं शिकवतात म्हनं. आमच्या घरी तं तो शनिवार अजून उगवला नाई." एवढं बोलून त्या हसायच्या. पण डिसेंबरातल्या एका दिवशी त्या हसल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी आम्हाला सासऱ्यांचं सांगितलं.

पोळ्याला सरांच्या आई, गोजराबाई, गेल्या. तेव्हापासून पुंजाजी बोलेनासे झाले होते. हो, नाई, पानी दे, एवढेच शब्द. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, दिसणं जवळजवळ बंद, आणि आता बोलणंही बंद. वाशीमला चला म्हटलं तर मान फिरवतात. शेजारच्या कमलीबाई दोन भाकरी नेऊन ठेवतात, त्यातली अर्धी खाल्ली जाते. "हे दर रविवारी जातात," प्रयागबाई आतल्या आवाजाकडं बोट दाखवून म्हणाल्या, "अन् दोन दोन घंटे मामाजींसमोर बोलतात. दुःख काय असते, ते कसं आवराव, सारं सांगतात. मामाजी भितीकडं तोंड करून बसतात. असंच चाललं तं बुढा उन्हाळा पाह्यत नाई, बाबू."

त्यानंतरच्या शनिवारी सरांनी वर्गात एक उदाहरण घातलं. "समजा, एक वृद्ध शेतकरी आहे. नाव सांगणं शास्त्राला धरून नाही. त्याची पत्नी वारली आहे. तो बोलत नाही." इथं सरांनी चष्मा काढून पुसला. मग पुन्हा पुसला. "तर अशा वृद्धाला बोलतं कसं करावं?" नाव न सांगितलेला तो शेतकरी कोण हे अकराच्या अकरा जणांना कळलं होतं. सरांच्या तासाला त्या दिवशी पहिल्यांदा आपोआप मौन आलं, आणि सर ते बोलून मोडू शकले नाहीत. मला त्यांची फार दया आली. त्याच भरात मी उभा राहून म्हणालो, "सर, उद्या मी येतो. मी ऐकतो त्यांचं." नऊ गुण डोक्यात गेले होते, दुसरं काय. गोपीचंदला मी बरोबर घेतलं, कारण सायकल त्याची होती.

रविवारी सर सकाळच्या मोटारीनं गेले, आम्ही सायकलवर डबलसीट. अनसिंगला पोचेपर्यंत दुपार झाली. गावाच्या कडेला पुंजाजींचं घर, पुढं निंबाच्या सावलीत मोकळी जागा. पुंजाजी बाजेवर बसले होते. मोठ्या हाडाचा माणूस, पण सदरा खांद्यावरून ओघळत होता. ओसरीच्या आढ्याला अंबाडीच्या वाखाच्या, म्हणजे तिच्या सालीच्या धाग्यांच्या, जुड्या टांगलेल्या होत्या. दरवर्षी या दिवसांत ते घरचे दोर वळत. यंदा जुड्यांना हात लागला नव्हता.

मी सरांना खुणेनं ओसरीवर बसवलं आणि पुंजाजींच्या समोर जाऊन बसलो. "आबाजी, मी सरांचा विद्यार्थी. तुमच्यापाशी बसाले आलो," एवढं म्हणालो आणि नियमाप्रमाणं गप्प झालो. शिकवल्याप्रमाणं पाठ ताठ, नजर प्रेमळ. बराच वेळ गेला. पुंजाजींचे ओठ हलले. "यंदा थंडी लय हाये," ते म्हणाले. चार महिन्यांत हे त्यांचं पहिलं सबंध वाक्य असावं. मी तिसऱ्या नियमाप्रमाणं, तोंडानं कसलाही आवाज न करता, अतिशय समजूतदारपणे मान हलवली.

पुंजाजी थांबले. कान देऊन राहिले. मग म्हणाले, "कोन होतं? गेला वाटते." आणि भिंतीकडं तोंड फिरवलं.

मी अजून मान हलवतच होतो. ज्याला दिसत नाही त्याच्यासमोर मी मान हलवत बसलो होतो! दहापैकी नऊ गुण. ओसरीवर सरांनी कपाळाला हात लावला. पण हा नियम माझा नव्हता, फळ्यावर त्यांच्या अक्षरात होता.

गोपीचंद या सगळ्या वेळात कंटाळून ओसरीवर हिंडत होता. त्यानं आढ्याची एक जुडी काढली, हातात चोळून पाहिली आणि म्हणाला, "आबाजी, वाख असाच वाळून राह्यला. सायकलले मांगं बांधाले मले एक दोर पायजे. तुमी सोडता का? टोक मी धरतो." उत्तराची वाट न पाहता त्यानं वाख म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवला.

दोर वळायचं काम एकट्याचं नाही. बसलेल्यानं वाख जोडत जोडत सोडायचा. समोरच्यानं टोकाला काडी अडकवून ती फिरवत पीळ द्यायचा आणि एकेक पाऊल मागं सरायचं. पुंजाजींची बोटं थोडा वेळ वाखावर नुसती पडून राहिली. मग ती आपली आपण चालू लागली. गोपीचंद काडी फिरवू लागला.

"तुहा हात जड हाये," पुंजाजी म्हणाले.

"हूं," गोपीचंद म्हणाला.

"गोजराचा हलका होता."

"हूं."

"चाळीस साल तिनंच टोक धरलं. मी दिवसभराचं सांगो, ती हूं म्हने. बैल अडला, हूं. पाटलाशी भांडन झालं, हूं. मधात हूं नाई आला तं मी समजो का तिले पटलं नाई."

"हूं."

मी ओसरीच्या पायरीवर येऊन सरांशेजारी बसलो. सरांचं तोंड उघडलेलं होतं. छाती फुगली होती. ही खूण आम्हा सगळ्यांच्या ओळखीची. आता वडिलांना शाबासकी, दुःखाचं स्वरूप आणि कदाचित अंबाडीचा इतिहास येणार होता. मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या शिक्षकांची बाही धरली आणि त्यांच्या नाकासमोर एक बोट उभं केलं. नियम पहिला. सरांनी बोटाकडं पाहिलं आणि तोंड मिटलं. त्यांना ते किती जड गेलं असेल ते मी सांगू शकत नाही.

गोपीचंद वाटतो तसा झोपाळू नव्हता. दोर अर्धा झाल्यावर त्यानं आमच्याकडं पाहिलं, मानेनं सरांना जवळ बोलावलं आणि फिरती काडी तशीच त्यांच्या हातात दिली. सरांनी लहानपणी हे काम केलेलं असणार. काडी अडखळली आणि पुन्हा फिरू लागली. पुंजाजींची बोटं मात्र थांबली.

"हात बदलला," ते म्हणाले. मग म्हणाले, "दौलत, तू हायेस का?"

सरांनी श्वास घेतला. मी डोळे मिटून घेतले.

"हूं," सर म्हणाले.

म्हाताऱ्यानं तो शब्द चाखून पाहिल्यासारखा केला. "आज चूप हायेस," ते म्हणाले. "मंग सांगतो तुले एक. सांगाव का नाई, लय दिवस ठरत नवतं." आणि बोटं पुन्हा वाख सोडू लागली.

"नागपंचमीले तू आल्ता. दिवसभर होता. तुह्या मायच्या पोटात दुखे. दोन महिन्यापासून. मले म्हने, दौलत येईन तं त्याले सांगीन, तो वाशीमले डाक्टरले दाखवीन. तू आला. मुंबईचं सांगत बसला. मानसाचं आयकाव कसं, ते सांगतलं. ती चुलीपाशी बसून आयके. तिनं तीनदा तोंड उघडलं. म्या पाह्यलं. तवा मले दिसे थोडंसं. मंग तुह्या मोटारची येळ झाली."

काडी फिरत होती. "हूं," सर म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

"तू गेल्यावर म्या म्हनलं, काहून नाई सांगतलं वं? तं हासली. म्हने, किती चांगला बोलते माहा लेक, आयकतच बसाव वाटते. दुखन्याचं काय, पोळ्याले येईनच तो, तवा सांगीन." पुंजाजींनी वाखाची नवी बट जोडली, अंगठ्यानं दाबली. "पोळ्याले तू आला, तं तिले भुईवर घेतलं होतं."

काडी हळू झाली.

"म्हनून म्या तोंडच बंद केलं. तोंड उघडलं का हेच भायेर येईन, असं वाटे. लेकराले कायले सांगाव? पन पोटात मावून नाई राह्यलं, दौलत. भाकरीले जागाच नवती."

मी सरांकडं पाहिलं नाही. पाहणं बरं नव्हतं. मला रडू येत होतं आणि ते मी आवरलंही नाही. शेजारी गोपीचंद जमिनीकडं पाहत उभा होता. मग मला दिसलं की दोर मधे ढिला पडतो आहे. काडी थांबली होती, आणि दिलेला पीळ हळूहळू उलटा सुटत चालला होता.

पुंजाजींच्या बोटांना ते कळलं. "हात काहून थांबला बे?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "फिरव. पीळ सुटून राह्यला. आयकून राह्यला ना तू?"

"हूं," सर म्हणाले, आणि काडी फिरवू लागले.

त्या संध्याकाळी पुंजाजींनी दोन्ही भाकरी खाल्ल्या आणि तिसरी मागून घेतली. कमलीबाईंना ती पुन्हा चूल पेटवून टाकावी लागली, त्याबद्दल त्यांनी आम्हा सगळ्यांना आनंदानं शिव्या दिल्या. दोर गोपीचंदनं सायकलला बांधला. त्यात वीतभर जागा अशी होती, जिथं पीळ ढिला राहिला होता. आम्ही निघताना पुंजाजींनी तिथं बोट फिरवलं आणि म्हणाले, "राहू दे. बांधाले चालते."

पुढच्या शनिवारी सर वर्गात आले. त्यांनी तिसरा नियम पुसला आणि गुणांची वही उघडली. गोपीचंदच्या नावापुढचे सहाही भोपळे खोडले. मग यादीच्या तळाशी, आमच्या अकरा जणांच्या खाली, स्वतःचं नाव लिहिलं, दौलतराव पुंजाजी, आणि त्यापुढं एक भोपळा काढला. आम्हाला वाटलं, आता यावर भाषण होणार. फुलचंदनं तर सवयीनं घड्याळ बघून ठेवलं.

सरांनी एक बाक ओढला आणि ऐकणाऱ्याच्या जागेवर स्वतः जाऊन बसले. फुलचंदकडं पाहून म्हणाले, "त्या म्हशीचं सांग बे. त्या दिवशी राहून गेलं तुहं."

फुलचंदनं म्हशीचं सगळं सांगितलं, रेडकासकट. घंटा झाली तरी सांगत होता. सर दर वाक्याला हूं देत होते.